जुनापाणीची दगडी वर्तुळं, गाईडसोबत अर्धा दिवस

नागपूरजवळच्या काटोल रोडनं मी लहानपणापासून ये-जा करतो पण हे दगडाचे गोल कशाचे हे मले या गाईडनं सांगितलं. माणशी १०० रुपये घेतले, पूर्ण वसूल.

सगळ्यात भारी म्हणजे जुनं-नवं कसं ओळखतात ते त्यानं विहिरीच्या उदाहरणानं समजावलं, खोदताना वरची काळी माती मंग पिवळी मंग मुरूम लागते, तसेच वस्तीचे थर असतात आणि खालच्या थरातली वस्तू वरच्यापेक्षा जुनी, पण उंदरानं बीळ केलं नाहीतर नांगर खोल गेला तं सगळं गडबडते. काळ्या-तांबड्या खापरांसंगं लोखंड सापडलं म्हणजे महापाषाण काळ, मोठाले दगड रचून कबरी बांधायचे तो काळ. पेट्री नावाच्या इंग्रज पुरातत्त्व संशोधकानं इजिप्तमध्ये मडक्यांच्या आकार-प्रकारावरून कबरींचा क्रम लावला होता हेही सांगितलं.

पोरानं विचारलं काका किती वर्षं जुनं? तं म्हणे यातून फक्त आधी का नंतर हेच समजते, आकडा पाह्यजे तं कोळशाची कार्बन टेस्ट लागते. असं साफ सांगणारा गाईड मले पहिल्यांदाच भेटला.

सावली नाही, पाणी घरूनच न्या. आणि खापर दिसलं तं उचलू नका बाप्पा, जागेवरून हललं की त्याचा थर गेला.