सिबिल ‘नीट करून देणाऱ्या’ला मी साडेबारा हजार दिले

मामांना दोन म्हशी घ्यायच्या होत्या. बँकेत कागद दिले, चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, “तुमचं सिबिल खराब आहे.” (सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून मिळणारे गुण.) मामा हसलेच. “माझ्या नावावर कसलं कर्ज? मी जन्मात हप्त्यानं सायकल घेतली नाही.” एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, उधारीचा चहासुद्धा पीत नाही.

रिपोर्ट मी काढला. स्कोअर ५४८ (तो ३०० ते ९०० मध्ये असतो). खाली एक मोबाइल लोन, २०२१ चं, थकबाकी १८,४०० आणि पुढे ‘राइट-ऑफ’, म्हणजे वसूल होत नाही म्हणून कंपनीने बुडीत धरलेलं. पत्ता चिंचवडचा, मोबाइल नंबर भलत्याचाच. पॅन मात्र मामांचा. कुठली झेरॉक्स कुठे गेली हे आजही कळलेलं नाही.

इथून पुढचा मूर्खपणा माझा. मी पुण्यात नोकरी करतो, घरात ‘शिकलेला’ मीच. तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात बोर्ड होता: सिबिल दुरुस्ती, ७५० च्या वर गॅरंटी. फोन केला. माणूस गोड बोलला, “सिबिलच्या ऑफिसात आपला माणूस आहे, आतून एंट्री काढतो.” साडेचार हजार आधी. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून पाठवले. पैसे कुणाच्यातरी बचत खात्यात गेले, पावती नाही. मामांचा आधार, पॅन आणि दोन ओटीपीसुद्धा दिले. ओटीपी मामा फोनवर एकेक आकडा सावकाश वाचून दाखवत होते, तो आवाज अजून कानात आहे.

महिन्याने त्याचा फोन: “कंपनी ऐकत नाही, आठ हजारांत सेटलमेंट होतीय, आजच करा.” केली.

नवा रिपोर्ट आला. ‘राइट-ऑफ’ गेलं होतं आणि जागी ‘सेटल्ड’ आलं होतं. बँकेचे साहेब म्हणाले, याचा अर्थ कर्ज घेतलं, पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली. म्हणजे जे कर्ज मामांनी घेतलंच नव्हतं ते आम्ही पैसे मोजून स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं. कर्ज देणाऱ्या कंपनीचं पहिलं उत्तरही तेच होतं: कर्ज तुमचं नव्हतं तर पैसे का भरलेत? त्यांच्याकडची पावती पाहिली तर रक्कम पाच हजार. उरलेले तीन हजार त्या सज्जनांच्या खिशात. जाब विचारला तर म्हणतो, “राइट-ऑफ गेलं ना? रिझल्ट दिलाय मी.”

वर रिपोर्टच्या साइटवर मामांच्या नावाने जे लॉगिन उघडलं होतं, त्याला ईमेल त्याचा. मामांची सगळी कर्जकुंडली त्याच्याकडे जात होती. ते बदलून घ्यायलाच आठवडा गेला.

जे आधी समजून घ्यायला हवं होतं ते हे. सिबिल असो, एक्सपेरियन, इक्विफॅक्स की सीआरआयएफ हाय मार्क, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्या स्वतःहून एंट्री खोडू शकत नाहीत. कर्ज देणाऱ्याने ‘हो, चुकलं’ म्हटल्याशिवाय आकडा हलत नाही. त्यामुळे ‘आतला माणूस’ ही शुद्ध थाप. चुकीच्या नोंदीची तक्रार त्यांच्या साइटवर फुकट करता येते आणि या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्टही फुकट मिळतो. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.

मग आम्ही तसंच केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार, तिची प्रत जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी पत्र, त्याच दिवशी सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीबद्दलची तक्रार. पत्रात ‘आमचं कर्ज नाही’ एवढंच लिहून थांबलो नाही. कर्जाचा अर्ज, जोडलेला फोटो आणि पहिले दोन हप्ते कोणत्या खात्यातून गेले ते मागितलं. इथेच गाठ सुटली. हप्त्यांचं खातं मामांचं नव्हतं आणि फोटोतला मुलगा पंचविशीचा. मामांना टक्कल पडून वीस वर्षं झाली.

एक्केचाळिसाव्या दिवशी एंट्री निघाली. उशिराचे अकरा दिवस, म्हणून अकराशे रुपये मामांच्या खात्यात आले. माझे साडेबारा हजार अजून पोलीस ठाण्याच्या फायलीत आहेत. दुकान चालू आहे, बोर्डही तोच. मामा आता प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहितात, ‘फक्त म्हशीच्या कर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. परवा सिमकार्डाच्या दुकानातही सवयीने तेच लिहून आले.