ढिलं स्टिअरिंग आणि उद्यमनगर: जुन्या गाडीची तपासणी कोण नीट करतं

जुन्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालं की कोल्हापुरात तीन ठिकाणी जाता येतं. टायरच्या दुकानातलं कॉम्प्युटर अलाइनमेंट, शिवाजी उद्यमनगर किंवा वाय. पी. पोवार नगरच्या बाजूची सस्पेन्शनची कामं करणारी गॅरेजं, आणि फक्त रॅक (स्टिअरिंग फिरवलं की आडवी सरकून चाकं वळवणारी दात्यांची दांडी) व स्टिअरिंग बॉक्स (जुन्या जिपांत तेच काम करणारी गिअरची पेटी) खोलणारे मिस्त्री. इथे परीक्षण या तीन प्रकारच्या सेवांचं आहे, एखाद्या दुकानाचं नाही. कस एकच लावला आहे: पार्ट बदलण्याआधी ढिलेपणा नेमका कुठल्या सांध्यात आहे, हे ते शोधतात का?

टायरच्या दुकानापासून सुरुवात करू, कारण बहुतेक लोक तिथेच आधी जातात. अलाइनमेंट करणं हे काम तिथे चांगलं होतं. निदान मात्र होत नाही, आणि ग्राहकाला वाटतं झालं. मशिन चाकांचे कोन मोजतं, तेही गाडी उभी असताना. टाय रॉड एंडमध्ये (रॅककडून येणारी दांडी चाकाला जोडणारा सांधा) दोन-तीन मिलिमीटरचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असेल तर तो सांधा त्या क्षणी कुठेतरी विसावलेला असतो. पडद्यावर टो (चाकं पुढच्या बाजूला आत की बाहेर वळली आहेत, तो कोन) हिरव्या पट्ट्यात येतो, प्रिंट हातात मिळते, आणि महामार्गावर जोर आला की चाक आपली जागा बदलतं. दोन आठवड्यांत गाडी पुन्हा भरकटते. दोष मशिनचा नाही, क्रम चुकलेला असतो. चाकांना मशिनचे क्लॅम्प लावण्याआधी ऑपरेटरनं पुढची चाकं उचलून हलवून पाहिली नाहीत, टायरची हवासुद्धा तपासली नाही, तर ते अलाइनमेंट त्या दिवशी करून घेऊ नये.

एका बाबतीत मात्र टायरच्या दुकानाला पूर्ण गुण द्यायला हवेत. त्यांच्याकडे चार खांबांचा रॅम्प असतो आणि गाडी त्यावर आपल्या चाकांवर उभी राहते. स्टिअरिंगचा प्ले शोधायला यापेक्षा चांगली जागा नाही. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात, सांध्यांवरचा भार जातो आणि अर्धे दोष लपतात. रॅम्प नसेल तर जुन्या गॅरेजमधला खड्डाही तितकाच चांगला.

गॅरेजमध्ये काय सांगायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. ‘स्टिअरिंग ढिलं आहे’ एवढंच सांगितलं तर फिटर बहुधा टाय रॉड एंडकडे हात नेतो. या एका वाक्यात किमान चार वेगळ्या तक्रारी असतात. स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाक वळत नाही, हा प्ले. सरळ रस्त्यावर सतत दुरुस्त करत राहावं लागतं, हे भरकटणं. ते सांध्यांतून येतं, तसंच टो-आउटमधून (चाकं पुढे बाहेरच्या बाजूला वळलेली), मागच्या टायरमधल्या कमी हवेतून किंवा मागच्या ॲक्सलच्या बुशांतूनही (सांध्यात बसणारी रबराची किंवा धातूची नळी) येतं. गाडी एकाच बाजूला ओढते, तेव्हा पुढच्या दोन टायरची हवा सारखी करून त्यांची डावी-उजवी अदलाबदल करावी. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, आणि पुढचा सगळा खर्च वाचला. (एकाच दिशेला फिरणारे टायर असतील तर अदलाबदल फक्त तपासणीपुरती.) ताशी 70 ते 90 किलोमीटरला हातात थरथर येते आणि वेग बदलला की जाते, ते बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. फक्त ब्रेक मारल्यावर थरथर आली तर डिस्क पाहावी. या शेवटच्या दोन तक्रारींसाठी स्टिअरिंगचा एकही पार्ट खोलायची गरज नसते.

आता उद्यमनगरातल्या सस्पेन्शन गॅरेजांकडे. जुन्या गाडीला माझं पहिलं मत इथेच. पण चांगलं गॅरेज पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखू येतं, ते पुढच्या कामावरून.

गाडी चाकांवर उभी, चाकं सरळ. साधं स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद पण चावी फिरवून लॉक काढलेलं; पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. बोटांनी स्टिअरिंगची रिम हलकेच डावी-उजवीकडे नेऊन पुढचं चाक हलायला लागेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. मारुतीच्या लहान गाड्यांना हे माप 0 ते 30 मिलिमीटर चालतं. त्याच्या वर गेलं तर एक जण आत बसून स्टिअरिंग छोट्या झटक्यांनी हलवतो आणि फिटर खाली एकेका सांध्यावर हात ठेवून जातो. अलाइनमेंटच्या रॅम्पवर हे करताना चाकांखालच्या फिरत्या तबकड्यांच्या, म्हणजे टर्न प्लेटच्या, पिना लावलेल्या हव्यात, नाहीतर चाक मोकळं फिरतं आणि सांध्यावर जोरच येत नाही. डोळ्याला न दिसणारा ‘टक्’ हाताला बरोबर कळतो. वरून खाली जायचं: केबिनमधला स्टिअरिंग कॉलमचा बुश, मग इंटरमिजिएट शाफ्टचा (कॉलम आणि रॅक जोडणारी दांडी) क्रॉस आणि त्याचा पिंच बोल्ट (तो सांधा दांडीवर आवळून धरणारा), मग रॅक, रॅक एंड (रॅकच्या टोकाचा आतला सांधा), शेवटी टाय रॉड एंड. पिंच बोल्ट सैल असल्यानं आख्खा रॅक बदलला गेल्याची उदाहरणं या धंद्यात नवी नाहीत. बोल्ट आवळायला एक पाना पुरतो.

रॅक स्वतः बॉडीला क्लॅम्प आणि रबरांनी बसवलेला असतो. ती रबरं तेलानं किंवा वयानं मऊ पडली की स्टिअरिंग हलवताना रॅक आधी आडवा सरकतो, मग चाक वळतं. वरून पाहिलं तर रॅकच खराब वाटतो. रॅक एंड तपासायला त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, चिमटीत दाबून आतला गोळा चाचपावा लागतो. बूट फाटलेला असेल तर तपासायचंही फारसं उरत नाही. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात चाललेल्या गाडीत चिखल-पाणी आत जाऊन ग्रीसची गंजमिश्रित पेस्ट झालेली असते.

त्यानंतर जॅक. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवायचं. खडखड आली तर दुसऱ्यानं ब्रेक दाबावा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट (खालच्या आर्मचा चाकाकडचा गोळ्याचा सांधा) किंवा वरचा स्ट्रट माउंट (शॉक ॲब्सॉर्बर वर बॉडीला बसतो ती जागा), आणि जीप-टेम्पोत किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती उभी पिन). 3 आणि 9 वर धरून हललं, पण वर-खाली नाही हललं, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या) गाडीत खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचं वजन नसतं, म्हणून नुसत्या हातानं तो फसवतो. टॉमी (लोखंडी पहार) खालचा आर्म आणि नकल (चाक धरणारा भाग) यांच्या मध्ये घालून उचकावी लागते. ज्या गॅरेजमध्ये टॉमी हातात न घेता ‘बॉल जॉइंट ओके’ सांगतात, तिथलं ते ‘ओके’ धरू नये.

मारुती 800 किंवा ओम्नीच्या मालकांनी एक जागा आग्रहानं दाखवायला सांगावी. 800 मध्ये खालचा आर्म एकपदरी असतो आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम स्टॅबिलायझर बारच (पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी) करतो. त्याची टोकाची बुशं गेली की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, ॲक्सिलरेटर दिला की पुढे येतं, आणि गाडी प्रत्येक वेळी थोडी झोकांडते. मालक स्टिअरिंगला दोष देतो. बदलायची असतात चार रबरी बुशं. मागे पाट्यांची स्प्रिंग असलेल्या ओम्नी, सुमोसारख्या गाडीत तशीच गोष्ट मागे होते. शॅकलचे (पाट्यांचं टोक गाडीला जोडणारी कडी) बुश झिजले किंवा ॲक्सल पाट्यांना बांधणारा यू-बोल्ट सैल झाला की मागचा ॲक्सल तिरका चालतो आणि पुढे बसलेल्याला वाटतं स्टिअरिंग भरकटतंय. पुढचं सगळं घट्ट सापडलं तर मागे जाऊन पाहणारं गॅरेज खरं.

रॅकच्या मिस्त्रींबद्दल मत संमिश्र आहे. त्यांच्यातले जाणकार आधी विचारतात, ‘टाय रॉड, बुश बघून आलाय का?’ रॅकच्या डाव्या टोकाचा बुश झिजून रॅक वर-खाली हलत असेल तर तो बुश बसवून घेण्याचं काम ते स्वस्तात आणि व्यवस्थित करतात. पण रॅकचा प्लंजर (रॅकला गिअरवर दाबून धरणारा भाग) आवळून ‘टाईट करून देतो’ ही सेवा घेऊ नये. रॅकचे दात सर्वांत जास्त मध्यभागी झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत आवळला की कडेचे न झिजलेले दात अडकतात. स्टिअरिंग वळणावर जड होतं आणि आपोआप सरळ येत नाही. करूळ घाटात एकामागून एक वळणं असताना हे धोक्याचं आहे. स्टिअरिंग बॉक्सच्या जुन्या जिपांतही वरचा ॲडजस्टिंग स्क्रू चाकं बरोबर सरळ ठेवून, आणि लिंकेजचा (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्या-सांध्यांचा) प्ले आधी काढूनच लावायचा असतो. हा क्रम उलटा केला तर बॉक्स खराब होतो आणि प्ले तसाच राहतो.

पार्टच्या बाबतीत कंपनीचा पार्ट किंवा राणेसारख्या जुन्या स्टिअरिंग उत्पादकाचा घ्यावा. बिननावाच्या खोक्यातला टाय रॉड एंड हातात घेतला की रबरी टोपी कडक लागते आणि गोळा एकतर सैल, नाहीतर खडबडीत फिरतो. उद्यमनगराची खरी ताकद लेथ आणि हायड्रॉलिक प्रेस. लोअर आर्मचे बुश हातोड्यानं ठोकून बसवण्याऐवजी प्रेसवर दाबून घ्यायची सोय इथे सहज मिळते. शॅकलचे किंवा किंग पिनचे गनमेटल (एक मिश्रधातू) बुश लेथवर वळून घेणंही योग्यच, फक्त किंग पिनचे वरचा-खालचा दोन्ही बुश बसवल्यावर एकाच रेषेत रीम केलेले, म्हणजे आतून नेमक्या मापाला घासलेले, हवेत. मात्र इथल्या कारागिरीचा एक मोह टाळावा. झिजलेला बॉल जॉइंट ठोकून, वेल्डिंग मारून ‘टाईट’ करून घेणं अजिबात नको. तो गोळा सॉकेटमधून सुटला तर चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात असूनही उपयोग नसतो.

बसवताना पाहण्यासारख्या तीन जागा आहेत. जुना टाय रॉड एंड काढण्याआधी आट्यांवर खूण केली का, आणि काम झाल्यावर दोन्ही बाजूंना उघडे आटे सारखे आहेत का. नसतील तर स्टिअरिंग व्हील वाकडं बसतं. कॅसल नटाला (खाचांच्या नटाला) स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी पिन) नवी घातली का. भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे सोडायचा नाही. आणि सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट: लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर शेवटचे आवळायचे असतात. चाक लोंबकळताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. दोष पार्टला दिला जातो.

सगळं झालं की मग टायरच्या दुकानात अलाइनमेंट. आधी आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागाव्यात. रस्त्यावरची चाचणी शहरातल्या गर्दीत होत नाही. शिरोलीच्या पुढे पुणे-बंगळूर महामार्गावर मोकळा पट्टा बघून घ्यावी. उसाच्या हंगामात मात्र सकाळीच, ट्रॉल्यांची रांग सुरू होण्याआधी.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 माहीत असावा. स्टिअरिंग व्हीलवरचा ढिलेपणा 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, लिंकेजच्या बॉल जॉइंटांना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. 370 मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे रिमवर जवळजवळ 97 मिलिमीटर. कायद्याची ही मर्यादा जुन्या जीप-ट्रकपर्यंत सगळ्यांना सामावून घेणारी आहे. रॅकच्या लहान कारमध्ये त्याच्या निम्मा ढिलेपणा असला तरी आम्ही गाडी महामार्गावर नेऊ नका असंच सांगू, आणि ‘आरटीओत पास होईल’ एवढ्यावर काम थांबवणाऱ्या गॅरेजला ती सोपवू नका असंही.