नोकरी लागली, महिनाभर राबले आणि वर दंडही भरला

घरून चॅट सपोर्टची नोकरी लागली होती, ती बनावट निघाली. आधी आकडे सांगते, कारण लोक तेच आधी विचारतात. 4,999 रुपये लॅपटॉपचं 'रिफंडेबल डिपॉझिट'. 1,770 ट्रेनिंग सर्टिफिकेटचे, म्हणजे 1,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. 8,260 करार मोडल्याचा दंड. 7,000 दंड आणि दंडावरही जीएसटी लावला मेल्यांनी! एकूण 15,029. शिवाय पगाराचे 17,500, जे कधी आलेच नाहीत. हेडसेट मी हौसेने 1,150 चा घेतला होता, तो यात धरत नाही. तो निदान चालतो तरी.

आता "शिकलेली असून फसलीस कशी?" हा प्रश्न. घरातूनच इतक्यांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. लग्नाआधी दोन वर्षं मी हडपसरला टेलिकॉमच्या व्हॉइस प्रोसेसवर, म्हणजे फोनवर ग्राहकांशी बोलायच्या कामावर होते. एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ), एस्केलेशन (तक्रार वरच्याकडे पाठवणं), क्यूए स्कोअर (कामाच्या तपासणीचे गुण) हे मला कुणी शिकवायला नको. आणि घरून कस्टमर सपोर्टचं काम मिळतं, ते काही खोटं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारने बीपीओंचे नियम सैल केले, तेव्हापासून माझ्या जुन्या बॅचमधल्या दोघी घरूनच लॉगिन करतात. मी तालुक्याच्या गावी, मुलगी बालवाडीत, ह्यांची नोकरी शिफ्टची. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मराठी-हिंदी चॅट सपोर्ट, रोज 6 तास, लेडीज प्रेफर्ड'. कुणीही अर्ज केला असता.

इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटर आलं, आणि मग डिपॉझिट. खऱ्या कंपनीत मशीन कुरियरने येतं आणि कुणी एक रुपया मागत नाही. त्या दोघींकडून मला हे माहीत होतं, म्हणून मी एचआरच्या बाईला तसं सरळ विचारलंही. ती म्हणाली, "मॅम, छोट्या शहरातल्या कँडिडेट्सनी मशीन परतच केली नाहीत, म्हणून पॉलिसी बदलावी लागली." हे पटण्यासारखं नाही का? क्यूआर स्कॅन केला तर वर कंपनीचं नाव नाही, कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. तेही विचारलं. "लॅपटॉप आमचा व्हेंडर पुरवतो, खातं त्याचं आहे." प्रत्येक शंकेचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि ऑफर लेटरवरचं नाव एक नसेल तर तिथेच फोन ठेवा, उत्तर ऐकत बसू नका. सासूबाईंच्या भिशीतले पैसे होते ते.

लॅपटॉप आलाच नाही. "स्टॉक यायचाय, तोवर स्वतःचा वापरा." दिराचा लॅपटॉप मागून घेतला. ट्रेनिंग मात्र अगदी खऱ्यासारखं. ट्रेनरचा कॅमेरा बंद, पण वाक्यं तीच, जी मी हडपसरला ऐकली होती: कस्टमरचं नाव दोनदा घ्या, 'नाही' म्हणू नका, चेहऱ्यावर हसू ठेवा म्हणजे ते आवाजात उतरतं. काम चॅटचं होतं तरी हसू ठेवायला सांगत होते! ब्रेक मोजून, पाच मिनिटं टायपिंग थांबलं की पॅनलवर लाल पट्टी. मुलगी झोपायची तेव्हा मी दार लावून बसायचे, कुकर लावणं दुपारनंतर ढकललं. खरं काम असंच असतं, म्हणूनच मला ते खरं वाटलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे अजून झोप लागत नाही. एकही ग्राहक चिडत नव्हता.

ज्याने कस्टमर केअरला आठवडाभर जरी काढलाय त्याला याचा अर्थ कळेल. हडपसरला दिवसाची सुरुवातच "सुपरवायझरला दे, तुझ्याशी बोलायचं नाही" अशी व्हायची. आईबहिणीवरून ऐकून घेऊन "सर, मी आपली अडचण समजू शकते" म्हणायचं, हाच तर पगार. इथे रिफंड अडकलाय, पार्सल फुटलंय, आणि माणूस लिहितोय, 'ओके मॅम, थँक यू फॉर युवर सपोर्ट.' इंदूरचा तसाच, नागपूरचा तसाच. एकदा नागपूरच्या बाईंनी 'रिफंड कब मीलेगा' असं लिहिलं, त्यातला 'मी' दीर्घ होता. त्याच दुपारी जबलपूरचे एक गृहस्थ, तेच वाक्य, तोच दीर्घ 'मी'. मी ते पाहिलं. मला हसूसुद्धा आलं. आणि मी मनात काय म्हटलं? ई-कॉमर्सचे लोक टेलिकॉमपेक्षा बरे दिसतात. दोन वर्षं शिव्या खाल्लेल्या माणसाला कुणी नीट बोललं की बरं वाटतं, संशय येत नाही. ग्राहक नव्हतेच तिथे. पलीकडे एक प्रोग्रॅम बसवलेला होता आणि मी कुकर बाजूला ठेवून त्याची माफी मागत होते.

पगाराच्या दिवशी पगाराऐवजी क्यूए रिपोर्ट आला. अचूकता 84 टक्के, करारात 90. करार अकरा पानी, ऑनलाइन सही केलेली, दंडाचं कलम नवव्या पानावर. त्यानंतर व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस: वर तीन सिंह, खाली दिल्लीतल्या कुठल्याशा कोर्टाचा गोल शिक्का, मजकूर असा की संध्याकाळी सहापर्यंत रक्कम भरा, नाहीतर आयपीसी 420 खाली अटक. ह्यांना सांगायची लाज वाटली म्हणून भरले. तुम्हीही भरले असते. घरात लहान मूल असताना 'अटक' शब्द वाचून बघा.

नंतर शेजारच्या वकील काकांनी दोन मिनिटांत सांगितलं. 1 जुलै 2024 पासून नव्या गुन्ह्यांना आयपीसी लागतच नाही, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. चोरांनी नोटीससुद्धा जुनीच चालवली होती. आणि करार मोडला म्हणून पोलीस संध्याकाळी उचलून नेत नाहीत. दंड हवा असेल तर त्यांनी दिवाणी कोर्टात जावं, तिथे करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे रास्त तेवढीच भरपाई मिळते. अशी नोटीस आली तर उत्तर देऊ नका, पैसे भरू नका, पण डिलीटही करू नका. तो पुरावा आहे.

आता आपली यंत्रणा. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, लागला तेव्हा पलीकडच्याने व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागितला. तो हाताशी ठेवा, नाहीतर परत पहिल्यापासून. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "ताई, करारावर सही तुमचीच ना? मग हा सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, लॅपटॉपचे पैसे घेऊन लॅपटॉप दिला नाही, हा कसला सिव्हिल मॅटर? तर म्हणे जिल्ह्याच्या सायबरला जा. सायबरला गेले तर "तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात द्या." दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआरने नोंदवता येतो, हे मी वाचून गेले होते. तसं म्हटल्यावर साहेबांनी वर पाहिलं आणि विचारलं, "वकील आहात का?" पंधरा हजारांसाठी किती बोलतात बाई, असा चेहरा. तुमच्यासाठी पंधरा हजार, आमच्याकडे मुलीची वर्षाची फी आहे ती.

बँकेची तऱ्हा वेगळीच. मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, मग हा अनधिकृत व्यवहार नाही. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं संरक्षण आहे ते आपल्या नकळत गेलेल्या पैशाला, आपण फसून दिलेल्याला नाही. पुढे म्हणे कस्टमर केअरशी बोला. बोलले. त्या पलीकडच्या मुलीने माझं नाव दोनदा घेतलं.

आधार, पॅन आणि कॅन्सल चेक दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर पाहा, क्रेडिट रिपोर्ट काढा. माझ्या नावावर अजून कर्ज निघालेलं नाही, दर महिन्याला बघते. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव शोधायला पैसे लागत नाहीत, मात्र नाव सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. हे लोक खऱ्या कंपनीचं नाव वापरतात. त्या कंपनीच्या मूळ साइटवरून फोन नंबर काढा आणि तिथे विचारा.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरच्या माझ्या तक्रारीपुढे अजून 'अंडर प्रोसेस' आहे. मध्ये एक फोन आला. पैसे तीन खात्यांतून फिरून गेले, शेवटच्या खात्यात 1,312 रुपये गोठवलेत म्हणाले. मी विचारलं, मग ते तरी द्या. त्यासाठी कोर्टाचा आदेश आणावा लागेल म्हणे, अर्ज वकिलामार्फत करा. वकील काका फी घेणार नाहीत, पण तालुक्याच्या कोर्टात तारखेला मुलीला कुणाकडे ठेवायचं, ते अजून ठरायचंय.