वर्क व्हिसावर जर्मनी की अमेरिका: स्थिरावण्याच्या दृष्टीने तुलना

परदेशातील नोकरीचे दोन प्रस्ताव समोर आले की बहुतेक जण पगार, कर आणि घरभाडे यांचे गणित मांडतात. ते मांडायलाच हवे. परंतु नव्या देशात आपला जम किती लवकर आणि किती पक्का बसेल, हे वेगळ्याच दोन प्रश्नांवर अवलंबून असते. नोकरी अचानक गेली तर त्या देशात राहण्याचा हक्क किती काळ टिकतो, हा पहिला प्रश्न. सोबत आलेल्या जोडीदाराला काम करता येते की नाही, हा दुसरा. जर्मनीचे ब्लू कार्ड (पदवीधरांसाठीचा काम व रहिवासाचा परवाना) आणि अमेरिकेचा एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा) व्हिसा यांतून निवड करू पाहणाऱ्या भारतीय पदवीधरांसाठी, विशेषतः विवाहितांसाठी, या दोन प्रश्नांचे महत्त्व पगाराच्या आकड्याइतकेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेशाच्या टप्प्यावरच दोन्ही व्यवस्थांचा स्वभाव दिसतो. एच-१बीची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात. मागणी त्याहून खूप अधिक असल्याने आधी निवडप्रक्रियेत नाव यावे लागते आणि निवड झाली तरी काम साधारणपणे १ ऑक्टोबरपासूनच सुरू करता येते. त्यात सप्टेंबर २०२५मधील घोषणेने, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लावली गेली, त्यामुळे कंपन्या आता अशा नेमणुकीचा विचार फार जपून करतात. ब्लू कार्डाला संख्येची मर्यादा नाही. मान्यताप्राप्त पदवी, तिच्याशी सुसंगत नोकरीचा करार आणि ठरावीक किमान पगार एवढे असले की पुरते. हा किमान पगार दरवर्षी बदलतो. २०२५मध्ये तो वर्षाला ४८,३०० युरो होता आणि मनुष्यबळाचा तुटवडा असलेल्या व्यवसायांसाठी त्याहून कमी होता.

पहिल्या सहा महिन्यांचा विचार केला तर अमेरिका निःसंशय सोपी आहे. भाषा ओळखीची असते, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज आणि बँकेतील खाते ही कामे फारशी अडत नाहीत. खरी अडचण येते ती क्रेडिट हिस्टरीची, कारण मायदेशातील व्यवहारांची नोंद तिथे सहसा उपयोगी पडत नाही. भाड्याचे घर आणि गाडीचे कर्ज या दोन्ही वेळी ती उणीव जाणवते. अनामत ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड लवकर घेऊन त्याचे बिल वेळेवर भरत राहणे, हा त्यावरचा रुळलेला मार्ग आहे.

जर्मनीत मात्र सुरुवातीची सगळी कामे एकाच कागदाशी येऊन अडतात. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. कर ओळख क्रमांक या नोंदणीनंतर टपालाने येतो आणि रहिवास परवान्याच्या अर्जालाही नोंदणीचा दाखला लागतो. म्हणून सुरुवातीला तात्पुरती जागा घेताना भाडे किती यापेक्षा तिथे नोंदणी करता येईल का, हे आधी विचारावे. कायमच्या घराचा शोध मोठ्या शहरांत दीर्घकाळ चालतो. घरमालक पगाराच्या पावत्या आणि शुफा या पतमापन संस्थेचा अहवाल मागतात, अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते आणि अनेक घरांत स्वयंपाकघराचे ओटे-कपाटेही नसतात, ती भाडेकरूने स्वतः बसवून घ्यायची असतात. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायलाही बर्लिनसारख्या शहरात बराच काळ लागतो. वाहन परवान्याचेही तसेच आहे: भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. या काळात अनेकांना आपण चुकीचा देश निवडला असे वाटू लागते आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. पण दोन देशांची तुलना या सहा महिन्यांवरून करू नये.

नोकरी गेली की चित्र उलटते. एच-१बीधारकाला नोकरी संपल्यापासून कमाल ६० दिवसांचा अवधी मिळतो, आणि आय-९४वरील (प्रवेशाच्या नोंदीवरील) राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढाही मिळत नाही. या अवधीत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे किंवा दुसऱ्या एखाद्या दर्जासाठी अर्ज केला पाहिजे, अन्यथा देश सोडावा लागतो. नवा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येते, ही त्यातली चांगली बाजू. परंतु मुलांची शाळा, भाडेकरार आणि गाडीचे हप्ते चालू असताना साठ दिवसांत मुलाखती उरकून प्रस्ताव मिळवणे, तेही बाजारात कपात चालू असताना, हा फार मोठा ताण आहे. आरोग्यविमाही बहुधा नोकरीशीच बांधलेला असतो. कोब्रा या कायदेशीर तरतुदीखाली तो सामान्यतः १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, मात्र कंपनीचा वाटा धरून संपूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो.

जर्मनीत पहिले सहा महिने बहुधा परिवीक्षेचे (प्रोबेशनचे) असतात आणि तेव्हा दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी जाऊ शकते. त्यानंतर, दहापेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, कामावरून काढण्यासाठी कायद्याला मान्य असे कारण लागते. युरोपीय संघाच्या २०२१च्या निर्देशानुसार, दोन वर्षांपेक्षा कमी काळ कार्ड असलेल्याला तीन महिने आणि त्याहून जुन्या कार्डधारकाला सहा महिने केवळ बेरोजगारीच्या कारणावरून कार्ड गमवावे लागत नाही. नोकरी गेल्याचे संबंधित कार्यालयाला लगेच कळवणे मात्र बंधनकारक आहे. आधीच्या ३० महिन्यांत १२ महिने बेरोजगारी विम्याचे हप्ते भरलेले असतील तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के, बेरोजगारी भत्ता मिळतो. सार्वजनिक आरोग्यविम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. जर्मनीतील पगारातून होणारी मोठी कपात अनेकांना खटकते. ती अमेरिकेतील हातात येणाऱ्या रकमेशी ताडून पाहताना या सगळ्याची किंमत त्यात धरली पाहिजे.

जोडीदाराच्या प्रश्नाकडे मी सर्वात गंभीरपणे पाहतो, कारण परदेशात गेलेल्या कुटुंबाचे समाधान बरेचदा तिथेच ठरते. एच-१बीधारकासोबत एच-४ या अवलंबित दर्जावर आलेल्या पती किंवा पत्नीला सुरुवातीला नोकरी करता येत नाही. २०१५च्या नियमाने कामाचा परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी मुख्य व्हिसाधारकाचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डासाठी बहुधा कंपनी करते तो) मंजूर व्हावा लागतो किंवा त्याला एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांच्या पुढची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. म्हणजे स्वतःचे करिअर असलेली व्यक्ती काही वर्षे घरी बसते आणि पुढे मुलाखतीत त्या रिकाम्या वर्षांचे स्पष्टीकरण देत राहते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि कोणतीही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करण्याची मुभा पहिल्यापासून असते. दोघांचेही करिअर चालू असेल, तर माझ्या मते जर्मनीचे पारडे इथेच जड होते.

कायम वास्तव्याबाबतही अंतर मोठे आहे. ब्लू कार्डधारक पेन्शन विम्याचे हप्ते भरत २७ महिने काम करून, आणि बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन येत असल्यास २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागू शकतो. अमेरिकेत ग्रीन कार्डांसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांसाठी, प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग फार लांब आहे. २०२५मध्येही ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित वर्गांत २०१३च्या आसपास अर्ज केलेल्यांचे क्रमांक लागत होते. मुले २१ वर्षांची झाली की ती अवलंबित दर्जातून बाहेर पडतात, हे लहान मुलांच्या पालकांनी आजच ध्यानात घ्यावे.

तरीही अमेरिका निवडण्याची ठोस कारणे आहेत. अनेक तांत्रिक क्षेत्रांत वरच्या पदांवरील पगार जर्मनीपेक्षा बरेच अधिक असतात, संशोधनातील आणि नव्या कंपन्यांतील संधींचा आवाका मोठा आहे आणि इंग्रजीवर अख्खे आयुष्य निभावते. जर्मनीत कार्यालयात इंग्रजी चालली तरी दवाखाना, पालकसभा, करखात्याची पत्रे आणि शेजार हे सारे जर्मनमध्येच असते. ज्यांना मनापासून भाषा शिकायची नाही, त्यांना कागदोपत्री मिळणारी सुरक्षितता तिथे परकेपणापासून वाचवू शकत नाही. काही वर्षे बचत करून परतायचे असे पक्के ठरवलेल्या अविवाहित व्यक्तीला, निवडप्रक्रियेत नाव आले असेल तर, मी अमेरिकाच सुचवेन.

प्रस्तावावर सही करण्याआधी कंपनीकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. अमेरिकेच्या बाबतीत ग्रीन कार्डाची पर्म प्रक्रिया (कामगार खात्याची मंजुरी घेण्याची पहिली पायरी) नेमणुकीनंतर किती महिन्यांनी सुरू होईल हे विचारावे, कारण आय-१४० आणि त्यासोबत जोडीदाराचा कामाचा परवाना त्यावरच अवलंबून आहे. जर्मनीच्या बाबतीत नोंदणी करता येईल अशी पहिल्या तीन महिन्यांची जागा, कार्यालयीन भेटींसाठी जर्मन बोलणाऱ्या व्यक्तीची मदत आणि जोडीदारासह दोघांच्या भाषावर्गाचा खर्च मागावा. यांपैकी भाषावर्गाचा खर्च मागण्याचे बहुतेकांना सुचत नाही, आणि कंपन्या तो बरेचदा देतात.