दुकानात ‘चहा’ मागितला की काय मिळतं: पाच पुड्यांची पारख

‘चहा टाक’ म्हटलं की पातेलं गॅसवर चढतं. ‘चहा संपला’ म्हटलं की डबा रिकामा झालेला असतो. ‘दारात थोडा चहा लाव’ म्हटलं तर बोलणं गवताचं असतं. (जुन्या मराठीत ‘गुणांची चहा’ असाही प्रयोग आहे. ती चहा स्त्रीलिंगी, अर्थ कदर. ‘चाहता’ त्याच घरातला. पेयाशी तिचा संबंध नाही.) किराणा दुकानातही हा एक शब्द निदान पाच वेगळ्या मालांवर असतो आणि प्रत्येकाला पाणी, आच, वेळ वेगळी लागते. घरचा चहा बिघडतो तो बहुतेकदा एका मालाची रीत दुसऱ्याला लावल्यामुळे.

सगळ्यात जास्त खपते ती सीटीसी पावडर. पानं दातेरी रोलरांतून चिरडून, फाडून, वळवून तिचे गोळीसारखे दाणे करतात; ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. चाळण्यांवर दाण्यांचे आकार वेगळे होतात. मोठा दाणा, बारीक दाणा आणि शेवटी डस्ट. डस्ट म्हणजे झाडलोटीचा कचरा, हा समज चुकीचा आहे. माल तोच, दाणा बारीक. दाणा बारीक म्हणून पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि रंग पटकन उतरतो. डस्टला दीड-दोन मिनिटं उकळी पुरे, मोठ्या दाण्याला चार-पाच. डस्ट पाच मिनिटं उकळली की घसा धरणारा तुरटपणा येतो, आणि मोठा दाणा दीड मिनिटात उतरवला तर फुळकवणी चहा पदरात पडतो.

आमची शिफारस सुट्या चहाची आहे, आणि तीही मिश्रणाची: दोन भाग दाणा, एक भाग डस्ट. डस्टमुळे रंग आणि कडकपणा, दाण्यामुळे चव. चहाच्या वेगळ्या दुकानात असं मिसळून देतात. तिथे आसामचा माल किती आणि निलगिरीचा किती हेही विचारा. आसाममुळे चहाला अंग येतं, निलगिरीमुळे वास. निव्वळ आसाम दुधात छान तग धरतो. मात्र कोरा चहा पिणाऱ्यांनी निलगिरीचं प्रमाण वाढवून घ्यावं. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये. चहा ओलही ओढतो आणि वासही. मसाल्यांच्या शेजारी सैल झाकणाचा डबा ठेवला तर आठवड्याभरात चहाला हिंगाचा वास लागतो.

सुट्या मालात भेसळीची शंका असेल तर पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरून वर पाणी शिंपडा. लगेच गडद डाग पसरला आणि कागद नळाखाली धुऊन उजेडात धरल्यावरही तो राहिला, तर वरून रंग दिलेला आहे. लोहचुंबकही फिरवून पाहा. रोलरांचे दात झिजतात, त्यामुळे अगदी थोडा लोहकण सापडणं नवलाचं नाही. पण चुंबकाला दाढी फुटल्यासारखा थर आला तर तो माल परत करावा.

आता कृती. दोन कपांना 200 मिली पाणी, 120 मिली दूध, 5 ग्रॅम पावडर (सपाट दोन छोटे चमचे), तीन चमचे साखर, बोटाच्या पेराएवढं आलं. आलं किसून आधी पाण्यात दोन मिनिटं उकळायचं, मग पावडर, शेवटी दूध. कच्च्या आल्यातला पाचक रस दूध फोडतो. उकळीने तो निकामी होतो. म्हणून आलं दुधानंतर घालू नये. गूळ घालणार असाल तर गॅस बंद केल्यावरच, नाहीतर तोही दूध नासवतो. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट होतो आणि वर तेलकट दिसणारी साय धरते. ती पाण्यातल्या चुन्यामुळे येते, तिथे पावडर बदलून उपयोग नाही. डस्ट असेल तर जाळीच्या गाळणीतून गाळ कपात उतरतो. पुण्याच्या अमृततुल्यात चहा फडक्याने गाळतात, आणि घरीही तेच करावं.

चहापानाला पन्नास माणसं येणार असतील तर घरच्या मापाला पन्नासने गुणू नका. कप 80 मिलीचा धरला तर सव्वादोन लिटर पाणी, दोन लिटर दूध, 80 ते 90 ग्रॅम पावडर, 350 ग्रॅम साखर. मोठ्या पातेल्यात आटणं कमी आणि उकळणं लांबतं, म्हणून पावडर हात राखून घाला.

दुसरी पुडी गवती चहाची. अन्नसुरक्षा नियमांत चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची पानं, कळ्या आणि कोवळे देठ. त्या हिशेबाने हा चहा नव्हेच. हे लिंबाच्या वासाचं गवत आहे आणि त्यात कॅफिन नसतं. पण आपल्याकडच्या पावसाळ्याला याच्याइतका शोभणारा वास दुसरा नाही. वाळलेली, पाकिटातली पात आम्ही घेऊ नका म्हणू: वास उडून गेलेला असतो आणि हाती फक्त काडी उरते. ताजी जुडी घ्या किंवा मोठ्या कुंडीत ठोंब लावा. दोन कपांना दोन लांब पाती पुरतात. त्या चुरगाळून गाठ मारायची (कडा धारदार असतात, बोट जपा), थंड पाण्यातच टाकायच्या आणि झाकण ठेवून तीन मिनिटं उकळायच्या. झाकण नसेल तर वास वाफेबरोबर जातो. जास्त उकळलं तर कडवट होतं.

चहाचा मसाला विकत घेऊ नये. सुंठ, वेलची, दालचिनी, थोडी मिरी घरी कुटा, दोन महिन्यांत संपेल इतकीच. दोन कपांना पाव चमचा.

ग्रीन टी चांगला असतो. बिघडतो तो उकळल्यामुळे. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, मग पानं घाला आणि दोन-तीन मिनिटांत गाळा. दूध घालायचं नाही.

राहिली झटपट चहाची, दूध-साखर घातलेली पुडी. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ती यादी वाचा. बहुतेक पाकिटांवर पहिलं नाव साखरेचं किंवा दूध पावडरीचं असतं आणि चहा बराच खाली. गाडीच्या प्रवासात, जिथे फक्त गरम पाणी मिळतं, तिथे ती कामाची. घरात नको.