पीएच.डी. नोकरीत राहून की अध्ययन रजा घेऊन?

सरकारी नोकराच्या मनात पीएच.डी. आली की पहिला विचार रजेचा येतो. माझं म्हणणं, आधी बदलीचा करा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं. कार्यालयाच्या नाहरकत प्रमाणपत्रात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, लागल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तल्या वर्गातल्या अभ्यासासाठी) कार्यमुक्त करू, असं लिहून मिळावं लागतं. (निवडणुकीच्या वर्षात या आश्वासनाचं काय होतं, ते निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या महसूलवाल्यांना विचारा.) आता गंमत पाहा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळही ३ वर्षंच आहे. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर बसून पाणीपुरवठ्यावर प्रबंध लिहायचा बेत असेल, तर प्रबंध हातावेगळा होण्याआधीच टेबल सुटण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा कुठल्याही खात्यात सोबत येईल असा प्रश्न घ्या: योजनेचा लाभार्थी नेमका कोणत्या टप्प्यावर गळतो? शासन निर्णय निघाल्यापासून तलाठ्यापर्यंत पोचेतो त्याचं काय होतं, हे शोधायला बाहेरच्या अभ्यासकाला खूप पायपीट करावी लागते. तुम्ही ते रोज बघता. शिवाय हाती आलेला निष्कर्ष त्याच आठवड्यात टिपणीत घालता येतो.

अध्ययन रजेत हे जमत नाही. पण सर्वेक्षण, संख्याशास्त्र, मुलाखती या गोष्टी निवांत शिकता येतात, आणि रात्री दहानंतर शिकून त्या येत नाहीत. केंद्राच्या नियमांत पूर्ण सेवेत २४ महिने अध्ययन रजा, इतर रजा जोडून पीएच.डी.साठी ३६ महिन्यांपर्यंत. परतल्यावर ३ वर्षं सेवेचं बंधपत्र. राज्य सेवेतल्यांनी आपले नियम वेगळे पाहावेत. परतल्यावर विषयाशी संबंध असलेलं पद मिळेलच, हे मात्र कुणी लिहून देत नाही.

दोन्हीकडे एक मेख सारखीच. प्रबंध शोधगंगेवर (देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) सगळ्यांना खुला होतो आणि वर्तणूक नियमांना सरकारवरची टीका चालत नाही. कार्यालयातली आकडेवारीही तुमची नव्हे. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधीच लेखी परवानगी घ्या.

नुसती धोरणाची भाषा समजून घ्यायची असेल, तर वर्षभराचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम पुरे. प्रश्न आधीच छळत असेल तर मी अर्धवेळ म्हणेन. प्रश्न आहे पण पद्धत कच्ची असेल तर रजा. आणि गाइडकडे जाण्याआधी त्यांच्या नोकरीवाल्या विद्यार्थ्यांना गाठा. किती जणांचा व्हायवा (शेवटची तोंडी परीक्षा) झाला, ते विचारा.