१९६८ चा सीझन घरच्या कॉम्प्युटरवर: आउट ऑफ द पार्क बेसबॉल

आकड्यांवर चालणारा बेसबॉल गेम कितपत खरा आहे हे बघायचं असेल तर त्यात १९६८ चा अमेरिकन सीझन उघडावा. त्या वर्षी पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, बॅटरांना रडवलं होतं. सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, अवघा १.१२ होता. अमेरिकन लीगचा अव्वल बॅटर कार्ल यास्ट्रेम्स्की .३०१ सरासरीवर, म्हणजे हजार प्रयत्नांमागे ३०१ हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) यावर, थांबला. इतक्या कमी सरासरीवर बॅटिंगचा किताब त्याआधी किंवा त्यानंतर कुणीच जिंकलेला नाही. पुढच्या वर्षी पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. गेमचं गणित कच्चं असेल तर अशा टोकाच्या वर्षात ते लगेच उघडं पडतं.

आउट ऑफ द पार्क, म्हणजेच ओओटीपी, मार्कस हाइन्सोन या जर्मन माणसानं सुरू केला. पहिली आवृत्ती १९९९ ची, आणि आता दरवर्षी नवी येते. (अमेरिकेचा खेळ आणि हिशेब जर्मन, ही जोडी काही वाईट जमलेली नाही.) जॉयस्टिक फिरवून चेंडू टोलवायचा हा गेम नव्हे. तुम्ही मॅनेजर किंवा जनरल मॅनेजर. संघ निवडायचा, लाइनअप म्हणजे बॅटिंगचा क्रम लावायचा, पिचर कधी काढायचा ते ठरवायचं. बाकी इंजिन बघतं. थ्रीडी मैदान आहे, पण त्यासाठी पैसे मोजू नका. मजकुरातली कॉमेंट्री वाचत खेळलेलं जास्त बरं.

अशा गेमांमागचं मूळ गणित समजून घेतलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. समजा बॅटरची सरासरी .३००, समोरच्या पिचरविरुद्ध सगळ्यांची मिळून .२२० आणि लीगची सरासरी .२६०. मग या दोघांच्या गाठीत हिट बसण्याची शक्यता सुमारे .२५६ येते. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याच्या लॉग-फाइव्ह सूत्राचा हा हिशेब. बुक क्रिकेटमध्ये एकच पुस्तक दोघांना पुरतं. इथे प्रत्येक जोडीसाठी पुस्तक नव्यानं छापलं जातं असं समजा. ओओटीपी याच्याही पुढे जाऊन स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा पहिला बेस), होमरन (थेट मैदानाबाहेर टोला) आणि मैदानात पडलेला चेंडू यांचा वेगवेगळा विचार करतो.

म्हणूनच तुमच्या गेममध्ये गिब्सनचा ईआरए १.१२ आला नाही तर गेम बिघडलाय असं समजू नका. त्या वर्षी त्यानं ३०४ आणि दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, २६८ स्ट्राइकआउट घेतले, ६२ वॉक दिले आणि फक्त ११ होमरन खाल्ले. फील्डर आणि नशीब बाजूला ठेवून एवढ्यावरच हिशेब केला तर ईआरए १.७७ च्या आसपास निघतो. मधला फरक म्हणजे चेंडू नेमके फील्डरांच्या हातात गेले त्याचा. तो दर वेळी तसाच यावा असा हट्ट धरून चालत नाही.

आता सेटिंग. न्यू गेममधून हिस्टॉरिकल पर्याय घ्या आणि १९६८ निवडा. त्यानंतर येणारं रीकॅल्क हे पान घाईत ओलांडू नका. खेळाडूंचं रेटिंग खऱ्या आकडेवारीतून किती वर्षांच्या आधारे काढायचं ते इथे ठरतं. फक्त १९६८ पुन्हा खेळायचं असेल तर एक वर्ष घ्या. तीन वर्षं घेतली तर गिब्सन आजूबाजूच्या वर्षांत वाटला जातो आणि त्याची धार बोथट होते. उलट, १९६८ पासून पुढे वीस वर्षं खेळायची असतील तर तीन वर्षांचाच हिशेब बरा, कारण बॅटिंगच्या चाळीस खेपांत चमकलेला राखीव बॅटर एका वर्षाच्या हिशेबात उगाच मोठा वाटू शकतो. रीकॅल्क पूर्ण बंद केलं तर खेळाडूंची वाढ गेमच्या मर्जीवर राहते. मग नावं खरी, पण कारकीर्द कुणाची कुठे जाईल सांगता येत नाही. त्यातही मजा आहे, फक्त तिला इतिहास म्हणू नका.

लाइनअप आणि खेळाडूंची देवाणघेवाण इतिहासाप्रमाणे ठेवायची का, हाही पर्याय तिथेच आहे. तो बंद असेल तर कॉम्प्युटर आपल्या मनानं ट्रेड करतो. ट्रेडची काठिण्यपातळी वाढवून ठेवा, नाहीतर चार किरकोळ खेळाडू देऊन एक हिरा उचलता येतो आणि तीन वर्षांत गेमचा कंटाळा येतो.

स्ट्रॅटेजीच्या पानावर पिचर किती लवकर काढायचा ते तपासा. गिब्सननं ३४ सामन्यांत सुरुवात केली आणि त्यातले २८ स्वतःच संपवले. आजच्या सवयीप्रमाणे सहाव्या इनिंगला त्याला बसवलंत तर इनिंगही कमी पडतील आणि सगळा भार नंतर येणाऱ्या रिलीफ पिचरांवर येईल. डेझिग्नेटेड हिटर बंद आहे ना, तेही बघा. तो नियम अमेरिकन लीगमध्ये १९७३ ला आला. चुकून चालू राहिला तर बॅटिंगला पिचरऐवजी पूर्ण वेळचा बॅटर येतो आणि धावा फुगतात.

सिम्युलेशन मधेच थांबलं तर आधी रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, बघा. २५ पेक्षा जास्त खेळाडू झाले किंवा जायबंदी माणूस लाइनअपमध्ये राहिला, ही नेहमीची कारणं. रोजची डोकेदुखी नको असेल तर ही कामं असिस्टंटकडे सोपवा.

आता निकालाकडे कसं बघायचं ते. कार्डिनल्सनी १६२ पैकी ९७ सामने जिंकले, दुसऱ्या क्रमांकाच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी ८८. दोघांची ताकद नेमकी एवढीच धरली तरी एका सीझनमध्ये विजयांचा आकडा निव्वळ नशिबानं सहा इकडे किंवा सहा तिकडे सहज सरकतो. हिशेब केला तर साधारण सहा-सात सीझनमध्ये एकदा जायंट्स पुढे निघतील. एकदाच खेळवून ‘गेम चुकीचा आहे’ म्हणणाऱ्यांनी हे आधी वहीत मांडावं. खरी परीक्षा घ्यायची तर तोच सीझन दहा वेळा चालवा आणि सरासरी काढा. नशिबाचा वाटा मग दोन विजयांच्या आसपास येतो. त्यानंतरही कार्डिनल्स ८८ वरच अडकले असतील तर मात्र एखादं सेटिंग चुकलं आहे.

दहा वेळा चालवायचं म्हणजे दर वेळी नवा गेम बनवायची गरज नाही. पहिला सामना व्हायच्या आधी सेव्ह करून गेम बंद करा. विंडोजवर डॉक्युमेंट्समध्ये कंपनीच्या नावाच्या फोल्डरात आवृत्तीचं फोल्डर असतं आणि त्यात सेव्ह्ड गेम्स. तिथे तुमच्या लीगच्या नावाचं, शेवटी डॉट एलजी असलेलं अख्खं फोल्डर कॉपी करून दुसरीकडे ठेवा. गेम चालू असताना कॉपी केलं तर अर्धवट फायली येऊ शकतात. प्रत्येक सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आणि बातम्या जपून ठेवायच्या असतील तर डिस्कवर जागा मोकळी ठेवा. वीस वर्षांच्या लीगला ती भरपूर लागते. बॉक्स स्कोअर रूढ करणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. त्यामुळे क्रिकेटचं स्कोअरबुक वाचता येणाऱ्याला ते पान परकं वाटणार नाही.

मशीन भारी लागत नाही. फक्त १९६८ ची मुख्य लीग ठेवली तर साध्या लॅपटॉपवरही गेम पळतो. मायनर म्हणजे खालच्या स्तराच्या लीग आणि इतर देशांच्या लीग जोडल्या की खरा वेग मंदावतो. या कामासाठी त्या काढूनच टाका. गेममधली मदतीची पानं मात्र अपुरी आहेत आणि मेनू एवढे खोल की पहिले दोन-चार दिवस शोधाशोधीतच जातात. जुन्या सीझनसाठी यंदाचीच आवृत्ती हवी असंही नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर नवी आली की मागच्या वर्षीची बरीच स्वस्तात मिळते, आणि गिब्सनचे आकडे दोन्हींत तेच आहेत.